बॉनेटची फट

तोरिनो
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

ती. बाबांस,
सा. न.

दादाने गणपतीचे फोटो पाठवले. मखर नेहमीसारखं आईच्या हातचं, आणि मोदक यंदा वहिनीने वळलेत हे कळ्या मोजून कळलं. चौथ्या फोटोत मात्र बाप्पापेक्षा मागे काय आहे तिकडेच माझं लक्ष गेलं. आपल्या प्रीमियर पद्मिनीचं खाकी कव्हर अर्धं सरकलेलं. डावीकडे बॉनेट आणि फेंडरमध्ये बोटभर फट, उजवीकडे नखसुद्धा जाणार नाही. आणि दिवे? एक तलावपाळीकडे बघतोय, दुसरा स्टेशनकडे.

दादाला लगेच फोन लावला. आधी "कुठे काय, काही नाही" केलं, मग सगळं ओकला. "छोटीला कळवू नका, ती तिकडे एकटी, उगाच काळजी करेल" असं तुम्ही बजावलं होतंत म्हणे. बाबा, मी दिवसभर गाड्यांचे सांगाडे बघण्याचाच पगार घेते. माझ्यापासून पत्र्याची गोष्ट लपवायची म्हणजे सोनारापासून पितळ लपवण्यासारखं आहे.

तर वंदना टॉकीजपाशी पाणी भरलेलं, त्यातून तुम्ही गाडी काढलीत, आणि गोखले रोडवर पुढचा टेम्पो थांबला तेव्हा ब्रेक लागलाच नाही. लागणार कसा? आपले चारही ब्रेक ड्रमचे. आत पाणी गेलं की लायनर ओले राहतात आणि पहिले एक-दोन दाब फुकट जातात. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेकवर हलका पाय ठेवून थोडं अंतर जायचं, म्हणजे ड्रम तापून कोरडे होतात, हे मला कुणी शिकवलं? तुम्हीच, उपवनच्या रस्त्यावर. त्या दिवशी कसे विसरलात? आई शेजारी बसून काही सांगत होती का? (आई, तू हे वाचणारच, रागावू नकोस.)

दोघांना खरचटलंसुद्धा नाही हे दादाकडून तीनदा वदवून घेतलं, म्हणून आता गाडीवर येते.

वागळे इस्टेटमधल्या गॅरेजवाल्याने दोन उपाय सांगितलेत म्हणे. पहिला, ठोकठाक करून, लांबी (खळगे बुजवायची पुट्टी) भरून, रंग मारून चार दिवसांत चकाचक. दुसरा, कुर्ल्याच्या भंगारातून दुसऱ्या पद्मिनीचं नाक कापून आणायचं आणि आपल्या गाडीला जोडायचं. दोन्हींना सध्या नाही म्हणा. त्याचं कौशल्य कमी म्हणून नाही, तर अजून कुणी मापच घेतलेलं नाही म्हणून.

जीपला खाली चासी (लोखंडी सांगाडा) असते आणि वर बॉडी बसवलेली. आपल्या गाडीत पत्राच चासी आहे. त्यामुळे नाकाला बसलेला धक्का नाकापाशीच थांबेल असं नाही, तो मागे दाराच्या खांबापर्यंत जाऊ शकतो. म्हणून आधी पुढची दोन्ही दारं उघडझाप करून बघा. दार उघडताना खाली बसतं का, कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, काचेचं रबर कुठे सुटलंय का.

माझा अंदाज विचाराल तर बातमी फार वाईट नाही. टेम्पोचा फाळका आपल्या बंपरच्या वर येतो. म्हणजे मार जाळीला, बॉनेटच्या ओठाला, डाव्या दिव्याच्या वाटीला आणि रेडिएटर धरणाऱ्या वरच्या पट्टीला बसला असणार. नाक उजवीकडे सरकलंय, फट तेच सांगते. खालचे दांडे, म्हणजे इंजिनखालून मागे जाणाऱ्या पत्र्याच्या जाड पट्ट्या, वाचले असतील. पण "असतील" यावर मी इथेही कुणाला वेल्डिंग करू देत नाही.

त्यासाठी ओळंबा लागेल. तळमजल्यावर प्लास्टरचं काम चाललंय ना, त्या गवंड्याकडून तासाभरासाठी मागा. गाडी सपाट फरशीवर उभी करा. पुढच्या सस्पेन्शनचे दोन्हीकडचे सारखे बोल्ट आणि मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) पुढच्या टोकाचे बोल्ट, असे चार बिंदू घ्या. प्रत्येकातून ओळंबा सोडा, तो हलायचा थांबला की टोकाखाली खडूने फुली मारा. दादाला खाली वाकू दे, तुम्ही स्टुलावर बसून हुकूम सोडा. मग गाडी ढकलून बाजूला घ्या आणि फुल्यांमधले दोन्ही कर्ण मोजा. तीन मिलिमीटरपर्यंत फरक असला तर दांडे ठीक समजायचे. जास्त निघाला तर ती गाडी हातोडीने ठोकायची नाही, साखळीने ओढून सरळ करायची. शिवाय स्टिअरिंग सरळ ठेवून दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत माप घ्या. ते २३४० मिलिमीटर यायला हवं. एका बाजूला कमी भरलं तर ते चाक मागे गेलंय.

आता ठोकायचं कसं ते. मी दर शनिवारी इथल्या एका म्हाताऱ्याच्या शेडमध्ये जाते. इटालियनमध्ये अशा माणसाला बात्तिलास्त्रा म्हणतात, म्हणजे पत्रा बडवणारा, आपला डेंटर. पहिल्या दिवशी त्याला आपल्या गाडीचा फोटो दाखवला तर ओरडलाच, "मिल्लेचेंतो!" म्हणजे अकराशे. फियाट ११०० डी. इथे त्या घराण्याची शेवटची गाडी १९६९ मध्ये निघाली. कुर्ल्याला प्रीमियर कंपनीने तीच १९६४ पासून आधी डिलाइट, १९७२ मध्ये प्रेसिडेंट आणि १९७४ मध्ये पद्मिनी या नावाने बनवली आणि पुढे नव्वदचं दशक संपेपर्यंत ती रस्त्यावर उतरत राहिली, हे त्याला पटेचना. तिच्या थोरल्या बहिणीला आपण डुक्कर फियाट म्हणायचो हेही सांगितलं. त्यावर तो डोळे पुसेपर्यंत हसला.

तर हा म्हातारा हातोडी उचलायच्या आधी वीसेक मिनिटं नुसता बघतो. कुठला भाग आधी वाकला, कुठला नंतर. जे शेवटी वाकलं ते आधी सरळ करायचं, हा त्याचा नियम. साखळीने हळूहळू ताण देतो आणि ताण असतानाच घडीच्या आजूबाजूला टकटक करत राहतो. कारण वाकलेल्या पत्र्याची घडी कडक होते. आई तारेचा हँगर सरळ करते तेव्हा बाकी तार सरळ होते पण मूळचा बाक तसाच राहतो ना, तसं. नुसता जोर लावला तर घडी राहते आणि शेजारचा चांगला पत्रा वाकतो.

मग पत्र्याखाली डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा), वर हातोडी. आणि मध्येच तो खिशातून जुना सुती रुमाल काढतो, पत्र्यावर पसरतो आणि वरून तळहात फिरवतो. डोळे मिटून. मलाही करायला लावलं. नुसत्या हाताला जे कळत नव्हतं ते रुमालाखाली कळलं, मनगटाजवळ एक अगदी पसरट उंचवटा. मग त्याने कानस फिरवली, तर तेवढाच भाग चमकला आणि भोवतीचा काळा राहिला.

जास्त बडवलं की पत्रा पोळीसारखा पसरतो. मग तो डब्याच्या झाकणासारखा दाबला की आत टक्, सोडला की बाहेर टक्. त्यावर लांबी भरली तर सहा महिन्यांत तडा. त्यावर इलाज म्हणजे रुपयाएवढा ठिपका लाल होईपर्यंत तापवायचा, भोवतीने हलके ठोके द्यायचे आणि ओलं फडकं टेकवायचं. चर्र होतं आणि पत्रा आकसतो. तुमच्या गॅरेजमधल्या जुन्या मिस्त्रीला हे नक्की येत असेल. त्याला फक्त वेळ द्या. चार दिवस नको, महिना घे म्हणावं.

लांबी अजिबात नको असं नाही. पण दोन-तीन मिलिमीटरच्या वर नको, आणि उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर. लांबी पाणी पिते, आणि ठाण्याच्या हवेत उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. तपासायचं कसं? मागच्या दिवाळीत मी लिंगोत्तोचं चुंबक पाठवलं होतं ते फ्रिजवरून काढा. (फियाटचा तो पाचमजली कारखाना, १९२३ चा. खालून माल आत जायचा, मजल्यामजल्याने गाडी तयार होत वर यायची आणि गच्चीवरच्या ट्रॅकवर पळवून बघायचे.) ते फेंडरवर फिरवा. जिथे चिकटायचं सोडेल तिथे लांबी जाड आहे. रंग मारायच्या आधी फिरवा, नंतर भांडण होतं.

रेडिएटर टाकू नका. तो तांब्यापितळेचा आहे, डाग देऊन दुरुस्त होतो. मात्र पंख्याची पाती त्यावर घासलीत का आणि पाण्याचा पंप खडखडतोय का बघून मगच इंजिन चालू करा. बंपरवरच्या क्रोमचे पापुद्रे उठलेत, ते क्रोम पुन्हा चढवायचं असेल तर आधी बंपर पूर्ण सरळ, मग पॉलिश, मग निकेल, वर क्रोम. चकाकी खरी निकेलचीच असते, तिथे पैसे वाचवू नका.

नाक कापायला का नको म्हणते, त्याला आणखी एक कारण आहे. आपली गाडी १९७४ ची, म्हणजे पन्नाशी ओलांडली. २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, वीस हजार रुपये भरून, दहा वर्षांसाठी. पण अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. उद्या तुमच्या मनात आलं तर वाट बंद व्हायला नको. मला स्वतःला तो व्हिंटेज गाड्यांचा ‘व्हीए’वाला नंबर फारसा आवडत नाही, कारण मग रोजच्या कामाला गाडी काढता येत नाही. म्हणजे रविवारी कोपिनेश्वरला जाऊन येताना भाजी आणणं बंद. ती गाडी प्रदर्शनात दोरीमागे उभी राहिलेली मला बघवणार नाही.

अजून एक, आणि हे रागावून वाचू नका. ब्रेक ओले होते हे खरंच. पण दादा म्हणाला की संध्याकाळी समोरच्या दिव्यांभोवती तुम्हाला कडी दिसतात, आणि हे तुम्ही त्याला मेमध्येच सांगितलं होतंत. मोतीबिंदू असेल तर तो काढतात, अर्ध्या तासाचं काम. गाडी महिनाभर गॅरेजात असणारच आहे, तेवढ्यात तुमचाही दिवा बघून घ्या. दादाला डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितलंय. मी डिसेंबरात येतेय, तेव्हा येऊरपर्यंत तुम्ही चालवायची, मी शेजारी बसणार.

मापं घेतलीत की आकडे मला पाठवा. फोटो नको, आकडेच, दोन्ही कर्णांचे आणि दोन्ही बाजूंचे. आणि आईला आधीच सांगून ठेवा, पार्किंगच्या फरशीवरच्या खडूच्या फुल्या पुतण्याचे उद्योग समजून फडक्याने पुसू नकोस.

तुमची,
छोटी