वांग्यावरचा विषाणू

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

"मैत्रिणींना कॅन्सरचे विषय मिळाले आणि मी शेणखतात फेज शोधत फिरणार," असं तू फोनवर म्हणालीस, तेव्हा दुकानात गर्दी होती. आता सवडीने लिहितोय, या फेजबद्दल, म्हणजे जंतूंना मारणाऱ्या विषाणूंबद्दल.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातली 15 वर्षांची मुलगी. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांत घट्ट कफ साठवणाऱ्या जन्मजात आजारामुळे दोन्ही फुप्फुसांचं प्रत्यारोपण झालेलं आणि अंगभर मायकोबॅक्टेरियम अ‍ॅबसेसस पसरलेला. हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद, औषधांना दाद न देणारा. तिच्या जंतूचा नमुना अमेरिकेत पिट्सबर्गला फेज-संशोधक ग्रॅहम हॅटफुल यांच्याकडे गेला. त्यांच्याकडे विद्यार्थ्यांनी माती-कचऱ्यातून जमवलेल्या हजारो फेजचा साठा आहे. त्यातून कामाचे निघाले तीन. एक 'मडी', दक्षिण आफ्रिकेत कुजक्या वांग्यावर सापडलेला! तो मुळातच मारकुटा. बाकीचे दोघे जंतूत शिरायचे आणि बहुतेकदा त्याला न मारता त्याच्याच डीएनएत मुक्काम ठोकायचे. मारण्याला आवर घालणारं जनुक त्यांच्यातून काढून टाकलं, तेव्हा ते कामाला लागले. असे जनुक बदललेले फेज माणसाला देण्याची ती पहिलीच वेळ. 2018 च्या जूनपासून तिघांचं मिश्रण दिवसातून दोनदा शिरेतून दिलं. त्वचेवरच्या गाठी हळूहळू विरल्या, यकृतातला संसर्ग हटला. जंतू मुळासकट गेला नाही, पण पोरगी घरी गेली.

आता दुसरी बाजू. याच गटाने 2022 मध्ये 20 रुग्णांचा अनुभव छापला. चांगला परिणाम दिसला 11 जणांत. फेज इतका नेमका असतो, की एकाच्या जंतूला मारणारा अनेकदा दुसऱ्याच्या त्याच जातीच्या जंतूला शिवतही नाही. म्हणजे आधी रुग्णाचा जंतू वाढवायचा, मग त्याच्यावर कोण चालतो ते बघायचं. आम्हा औषधवाल्यांना हे पचायला जड. फळीवर भरून ठेवता येईना असलं औषध विकायचं कसं? इकडे अँटिबायोटिकसाठी "पट्टीतल्या चारच गोळ्या द्या, बरं वाटलं की बंद करू" म्हणणारे रोज येतात. चिठ्ठी नसतेच. नाही म्हटलं की पुढच्या दुकानात जातात.

तेव्हा विषय सोडू नकोस. फक्त सेमिनारमध्ये 'चमत्कार' वगैरे म्हणू नकोस, आणि 11 सांगताना उरलेले 9 गाळू नकोस. त्यांच्यात तसा परिणाम का दिसला नाही, हे सरांना विचार, मलाही कळव.

काकांना सांगून ठेवलंय, खताचा खड्डा या महिन्यात उपसणार नाहीत. हातमोजे मी आणून ठेवतो.

तुझा,
बाबा