आई, तुझा रिपोर्ट तुझ्याआधी मी वाचला

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर मी घाईत असते आणि तुम्ही "इकडे सगळं ठीक" म्हणून विषय संपवता. म्हणून आज लिहायला बसले.

बाबा, गेल्या महिन्यात दाखल्यासाठी आपण त्या मशीनसमोर उभे होतो. बटण तुमच्या बोटाला दादच देत नव्हतं. तुम्ही जोरात दाबलंत, मग दाबून धरलंत, तर भलतंच काहीतरी उघडलं. मागच्या माणसाने सुस्कारा सोडला. तुम्ही हात मागे घेतलात आणि म्हणालात, "तूच कर." मी भराभर केलं, तुमच्याकडे न बघता. ते अजून मनातून जात नाही. हे स्क्रीन दाबण्याचा जोर ओळखत नाहीत. बोट टेकलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो, तो ते टिपतात. वयाने कातडी कोरडी पडली की स्पर्श नीट पोचत नाही. तुमचं काही चुकलं नव्हतं, बाबा.

मी स्वतः असल्याच सेवांची अ‍ॅप्स करते. सेशन, म्हणजे काही न केल्यास पान आपोआप बंद होण्याची मुदत, किती मिनिटांत संपवायचं ते आम्ही मीटिंगमध्ये ठरवतो. चष्मा शोधायचा, मेसेज उघडायचा, सहा आकडे डोक्यात ठेवून परत मूळ पानावर यायचं, याला तुम्हाला किती वेळ लागतो हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी तिथे कधी तोंड उघडलं नाही. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून 2008 साली आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये यावर उपाय दिलेला आहे: वेळ संपण्याआधी सांगा आणि एका साध्या कृतीने मुदत वाढवून घ्यायला निदान 20 सेकंद द्या. आता प्रत्येक मीटिंगमध्ये मी हा विषय काढते.

सिंगापूरमध्ये 2009 पासून काही सिग्नलवर ज्येष्ठ नागरिकांनी खांबावरच्या यंत्राला आपलं कार्ड टेकवलं, की पायी चालणाऱ्यांचा हिरवा दिवा 3 ते 13 सेकंद जास्त राहतो. रस्ता रुंद असेल तसा वेळ. मला स्मार्ट शहर म्हणजे हे वाटतं. तुमच्यासाठी गाड्या थांबतात आणि तुम्हाला कुणाला विनवावं लागत नाही.

पूर्वी तुम्हाला काय लागायचं? कागद, सही आणि खिडकीपलीकडचा माणूस. फॉर्म अडला तर रांगेतल्या कुणालाही विचारता यायचं. आता मदत मागायची म्हणजे फोन परक्याच्या हातात द्यायचा, ओटीपी सांगायचा. कामासोबत घराची किल्लीही दिल्यासारखं. सेवा फोनवर आल्या तशी विश्वासाच्या माणसाची गरज वाढली, आणि नेमकी तेव्हाच खिडकी बंद झाली. स्पेनमधले कार्लोस सान हुआन नावाचे निवृत्त डॉक्टर, वय 78, हेच बोलले. बँकांनी माणसांशी माणसासारखं वागावं म्हणून त्यांनी ऑनलाइन अर्ज काढला: 'मी म्हातारा आहे, मूर्ख नाही.' सहा लाखांवर लोकांनी सह्या केल्या आणि 2022 मध्ये तिथल्या बँकांना काउंटरची वेळ वाढवायचं कबूल करावं लागलं. तुम्ही दोघं त्या रांगेत एकटे नाही.

आई, तुझ्या बाबतीत माझ्याकडून जे झालं ते मला जास्त लागलंय. तपासणीच्या वेळी सोयीचा म्हणून मी माझाच नंबर दिला. रिपोर्ट माझ्या फोनवर आला, ऑफिसात, दुपारी. मी वाचला. साखर वाढलेली होती. तुला कधी सांगायचं, किती सांगायचं, हे मीच ठरवत बसले. तू दोनदा विचारलंस, "आला का गं?" आणि मी नाही म्हटलं. तुझ्या शरीराची बातमी आधी तुला कळायला हवी होती. माझी काळजी खरी होती, पण तो हक्क तुझा होता.

मी रविवारी येतेय. सगळीकडे तुझा नंबर घालू. बाबांच्या फोनमध्ये अक्षरं मोठी करू आणि दाबून धरण्याची वेळ वाढवू, म्हणजे बोट जरा रेंगाळलं तरी भलतं काही उघडणार नाही. मी शेजारी बसेन. फोनला हात लावणार नाही.

तुमची,
ताई