मुखवट्यांची तोंडं कुठल्या दिशेला ठेवायची, असं विचारणाऱ्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

मराठी भाषा गौरव दिनाच्या आठवड्यात तुमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये लोककलांची संध्याकाळ झाली. त्यात पेठ तालुक्यातून बोहाडा घेऊन आलेली मंडळी ती आम्ही. शेवटी माईकवरून सगळ्यांचे आभार मानले गेले. प्राचार्य, पाहुणे, विद्यार्थी, मांडववाला, साउंडवाला, कुणी राहिलं नाही. तुम्ही तेवढे राहिलात. तेव्हा तुम्ही मागच्या जिन्याजवळ आमच्या पोरांबरोबर टेम्पोत सामान चढवत होतात. ते माझ्या मनाला लागलंय, म्हणून चारचौघांत हे पत्र लिहितोय. नाव छापू नको म्हणालात, तो शब्द पाळतो. अख्खं कॉलेज तुम्हाला मामा म्हणतं, मीही मामाच म्हणतो.

नाशिकच्या पुष्कळ लोकांनी बोहाडा पाहिलेला नसतो, म्हणून त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पेठ, सुरगाणा, हरसूल, पलीकडे मोखाडा-जव्हार या सगळ्या डोंगरपट्ट्यात होळी झाली की गावोगाव बोहाडे सुरू होतात. कुठे भोवाडा म्हणतात, कुठे जगदंबेचा उत्सव. रात्री जेवणं उरकली की संबळ आणि पिपाणी वाजायला लागते, टेंभे पेटतात आणि एकेक सोंग नाचत येतं. आधी गणपती, मग शारदा, मग देव आणि दैत्य, आणि उजाडता उजाडता जगदंबा म्हैसासुराला मारते. प्रत्येक सोंगाची चाल निराळी, संबळाचा ठेका निराळा. आमच्या गावातली म्हातारी माणसं घरात अंथरुणावर पडून नुसत्या ठेक्यावरून सांगतात, आता नरसिंह निघाला बघ.

मुखवटे काही लाकडाचे, काही कागदाच्या लगद्याचे. आमच्याकडचे काही माझ्या आजोबांच्याही आधीचे आहेत. वर्षभर ते फडक्यात गुंडाळून माळ्यावर असतात. खाली काढताना नारळ फुटतो, अगरबत्ती लागते. एकदा मुखवटा चढला की आतला माणूस आमचा चुलता किंवा शेजारी राहत नाही. बायका त्याला ओवाळतात, लेकरं त्याच्या पायावर घालतात. हे ज्याला ठाऊक नाही त्याला तो रंगवलेला पुठ्ठा वाटतो. ठाऊक नसण्याबद्दल माझी तक्रार नाही. विचारावंसंही वाटत नाही, त्याचा त्रास होतो.

हा त्रास आम्ही भोगलाय. शहरातल्याच एका मोठ्या समारंभात आम्हाला मानानं बोलावलं होतं. गेलो तर मुखवटे ठेवायला जागा दिली पार्किंगमध्ये, जनरेटरच्या मागे. खाली तेलाचे डाग. मी सतरंजी मागितली तर ‘बघतो’ म्हणाले आणि तो माणूस परत दिसलाच नाही. एकानं रावणाचा मुखवटा उचलून डोक्यावर ठेवला आणि मित्राला फोटो काढायला लावला. आमचे थोरले काका, ज्यांच्या घराकडे रावणाचं सोंग पिढ्यान्‌पिढ्या आहे, ते बाजूला उभे होते. ते काही बोलले नाहीत. नुसते पुढे झाले आणि दोन्ही हातांनी मुखवटा उतरवून घेतला. नंतर आम्हाला फाटकाशी उभं केलं, पाहुण्यांच्या गाड्या आल्या की वाजवायचं म्हणून. संबळ रंगात आला होता तेवढ्यात कुणीतरी ‘बास बास, झालं’ म्हणत वाजवणाऱ्याच्या हातावर हात ठेवला. सावळ घाट ओलांडून रात्री घरी जाईपर्यंत टेम्पोत कुणी कुणाशी बोललं नाही. काका म्हणाले, आता हे सामान घाटापलीकडे न्यायचं नाही.

म्हणून तुमच्या कॉलेजातली मुलं गावात आली तेव्हा काका तयारच नव्हते. मुलं पुन्हा आली, अंगणात बसली, नागलीची भाकरी खाल्ली, सगळं ऐकून घेतलं. त्यांचेही उपकार आहेतच. शेवटी काका म्हणाले, जाऊन बघू. आमच्यातले कितीतरी जण त्या दिवसांत दिंडोरी-निफाडला द्राक्षबागांत होते. आमच्याकडे पाऊस कोसळतो, पण उतारावरून वाहून जातो. नागली-वरई निघाली की घरी हाताला काम नसतं, म्हणून माणसं बागा धरतात. ती मजुरी बुडवून आली होती. अपमान करून घ्यायला कोण मजुरी बुडवील, मामा? टेम्पो पेठ नाक्यावरून कॉलेजकडे वळला तेव्हा काकांचा चेहरा मी पाहत होतो आणि माझ्या पोटात गोळा आला होता.

पुढचं तुम्ही कदाचित विसरूनही गेला असाल. तुम्ही टेम्पोजवळ आलात, पण हात लावला नाहीत. काकांना नमस्कार केलात आणि विचारलंत, “बाबा, हे आम्ही उचललं तर चालतं का?” काका म्हणाले, आमची पोरं उचलतील. तुम्ही ‘बरं’ म्हणून पुढे झालात आणि रंगमंचामागच्या खोलीचं कुलूप काढलंत. खोली झाडलेली होती, फरशी अजून ओली होती. भिंतीला दोन बाकं जोडून लावलेली, त्यावर पांढरी चादर, धुतलेली, घड्यांच्या रेघा दिसत होत्या. कॉलेजची चादर अशी नसते. नंतर मुलांकडून कळलं की ती तुम्ही घरून आणली होती.

चप्पल तुम्ही उंबऱ्याबाहेर काढलीत. आत येऊन पुन्हा काकांनाच विचारलंत, “बाबा, यांची तोंडं कुठल्या दिशेला ठेवायची?”

मामा, हा प्रश्न आम्हाला शहरात आजवर कुणी विचारला नव्हता. मोठमोठ्या माणसांनी आमच्याविषयी भाषणं केली आहेत. आदिवासी संस्कृतीचा ठेवा, जतन, संवर्धन असे शब्द आम्ही खूप ऐकले. ते बोलणाऱ्यांतल्या एकालाही मुखवट्याला दिशा असते हे सुचलं नाही. ते तुम्हाला सुचलं. काका क्षणभर तुमच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, उगवतीकडे. तुम्ही खिडकीकडे पाहून अंदाज घेतलात आणि बाकं एकट्यानं ओढून फिरवलीत. चादर सरकली ती पुन्हा नीट केलीत. त्यानंतर गणपती ठेवला, शारदा ठेवली, एकेक करून सगळे ठेवले. काकांनी अगरबत्ती लावली तेव्हा तुम्ही दाराशी हात जोडून उभे होतात. फोन तुमच्याही खिशात होता, फोटो काढावा असं तुम्हाला वाटलं नाही.

मग तुम्ही दाराबाहेर स्टूल टाकून बसलात. आत डोकावायला मुलं येत होती, एक-दोन पाहुणेही आले. प्रत्येकाला तुम्ही सांगत होतात, “त्यांना विचारतो, हो म्हणाले तर सोडतो.” कोट घातलेल्या साहेबांनाही हेच. मी आतून ऐकत होतो. काकांनी नंतर सगळ्यांना आत घेतलं, एकेका मुखवट्याची ओळख करून दिली. त्यांना दाखवायचंच होतं हो. कुणी परवानगी मागितली म्हणून त्यांना ते मोकळेपणानं दाखवता आलं.

कार्यक्रमाचं फार सांगत नाही, हजर होते त्यांनी पाहिलंय. वेळ पुरेसा मिळाला, कुणी मध्येच थांबवलं नाही. मुखवट्याच्या आतून फार थोडं दिसतं. गावात पुढे टेंभा असतो, त्याच्या उजेडानं पाऊल टाकता येतं. इथे समोरून दिवे डोळ्यांवर येत होते. रावणाचं सोंग रंगमंचाच्या कडेपर्यंत आलं तेव्हा माझा जीव वर गेला होता. खाली पाहिलं तर तुम्ही कडेला अंधारात वाकून बॅटरीचा उजेड जमिनीवर धरून सरकत होतात, त्यांच्या पावलाबरोबर. हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं? मी तरी सांगितलं नव्हतं. संबळ घुमला, पोरं बाकांवर उभी राहिली, आमच्या म्हाताऱ्या पिपाणीवाल्यानं दम सोडला नाही. काका मुखवटा उतरवून बसले तेव्हा घामानं निथळत होते आणि हसत होते.

परतताना टेम्पोत सगळे एकदम बोलत होते. घाटात गाडी थांबवून चहा झाला, तिथेही विषय तुमचाच. काका म्हणाले, “तो मानूस देवाचा हाय.” आमच्याकडे हे सहज कुणाबद्दल म्हणत नाहीत.

अशी माणसं आहेत म्हणून गावाकडचा माणूस शहरात पाय ठेवू शकतो, असं मला फार वाटतं. मी सातपूरला कंपनीत कामाला आहे, दहा ठिकाणी वावरतो. एसटीत म्हातारीचं गाठोडं पायाशी नीट ठेवून देणारा कंडक्टर पाहिलाय. सरकारी दवाखान्यात आमच्या बोलीतला शब्द कळला नाही तर न हसता पुन्हा विचारणारी सिस्टरही पाहिली आहे. यांच्यावर कुणी लेख लिहीत नाही, यांना शाल-श्रीफळ मिळत नाही. साहेबलोकांचा चांगुलपणा बहुतेक वेळा कार्यक्रमपत्रिकेपुरता असतो, हे मी अनुभवानं म्हणतो. तुमचा चांगुलपणा कुणी बघत नसताना फरशी पुसून ठेवतो. संस्कृती टिकवायची म्हणून समित्या बसतात त्यांनी बसावं, पण त्यात एक जागा तुमच्यासारख्याला द्यावी, असं मला मनापासून वाटतं.

आता कामाचं. चादर चुकून आमच्या सामानात आली आहे. बायकोनं धुऊन ठेवली होती, पण काका परत द्यायला तयार नाहीत. मुखवटे आता तिच्यातच गुंडाळलेत. बदल्यात नवी चादर आणि वरईचे तांदूळ पाठवतोय, नाही म्हणू नका.

आणि यंदाच्या बोहाड्याला तुम्ही यायचंच. अक्षय्यतृतीयेच्या आसपास असतो, तारीख गावानं ठरवली की फोन करतो. मामींना आणि पोरांनाही आणा. नाशिकहून पेठची एसटी धरा, पुढे मी मोटारसायकल घेऊन येईन, सगळे असाल तर जीप सांगतो. रात्रभर जागायची तयारी ठेवा, अंगावर घ्यायला काहीतरी असू द्या, पहाटे गार होतं. गणपतीच्या सोंगाला पहिला नारळ तुमच्या हातून फोडायचा, असं गावकीनं ठरवलंय.

आपला,
बोहाड्याच्या मंडळींच्या आणि थोरल्या काकांच्या वतीनं, त्यांचा पुतण्या