दुसऱ्या वर्षाला निघालेल्या लेकीस

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

काल तुझी एसटी सुटली आणि मी बराच वेळ आजऱ्याच्या स्टँडवरच बसून होतो. परवा रात्री तू विचारलंस, "बाबा, परत जाऊच का?" मी नुसतं "जा" म्हणालो. तेवढ्यानं तुझं समाधान झालं नाही, ते मला दिसलं.

फिटर ट्रेडला तुझ्या बॅचमध्ये पाच मुली होत्या, आता दोघीच उरलात. त्याचं ओझं वाटणारच. पण आयटीआयचं पहिलं वर्ष तू कानशीवर घासून काढलंस, हे विसरू नकोस. सरांनी तो चौकोनी जॉब, म्हणजे घासायला दिलेला लोखंडी तुकडा, तीनदा परत केला. तळहाताला फोड आले. काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडाकडे धरला की फट दिसायचीच. चौथ्यांदा दिसली नाही, त्या संध्याकाळचा तुझा फोन आईला अजून पाठ आहे.

आता जॉब पक्का धरायचे जिग-फिक्श्चर, हायड्रॉलिक, न्यूमॅटिक, बेअरिंग काढणं-बसवणं हे सगळं येईल. ते तू शिकशील, मला शंका नाही. भीती वेगळीच आहे. दुसऱ्या वर्षी हात बसतो, आणि हात बसला की माणूस मोजायचा कंटाळा करतो.

तुला कधी सांगितलं नाही, आज सांगतो. कोल्हापुरात उद्यमनगरात लेथ मशीनवर असताना मला शाफ्टचं, म्हणजे गोल दांडे कातायचं, काम दिलं होतं. माप २५.०० ते २४.९८ मिमीच्या आत. जॉब मशीनवरून काढला की गरम असतानाच बारीक माप घ्यायचा मायक्रोमीटर लावायचो. २४.९८ दिसलं की पुढचा घ्यायचो. २५ मिमीचं पोलाद ४० अंशांनी तापलं की साधारण ०.०१२ मिमी फुगतं. म्हणजे गार झाल्यावर प्रत्येक शाफ्ट २४.९७ च्या आसपास. जेवणाच्या सुट्टीनंतर सहज एक मोजला तेव्हा कळलं. त्याच क्षणी सुपरवायझरकडे जायला हवं होतं. मी तो शाफ्ट ढिगाखाली सारला आणि काम चालू ठेवलं. संध्याकाळी तपासणीत २२ शाफ्ट भंगारात गेले. पगार कापला, त्याचं इतकं नाही. तो पहिला लपवला, ते अजून सलतं.

म्हणून बाळा, जॉब बिघडला तर तिथल्या तिथे सरांना सांग. ओरडतील, ओरडू देत. पहिल्या वर्षाला नवीन मुली आल्या तर त्यांनाही हे सांग, आणि त्यांच्या बेंचपाशी थोडा वेळ उभी राहत जा. तुझ्यापाशी कोणी उभं राहिलं नव्हतं.

लेथवर वेणी टोपीच्या आत. हातमोजे घालायचे नाहीत. धातूचा कीस हातानं ओढायचा नाही, आकडी वापर.

बॅगेत घनसाळ तांदळाच्या पिशवीखाली एका मऊ फडक्यात माझा मायक्रोमीटर ठेवलाय, ०-२५ चा. उद्यमनगरातलाच. रोज पुसून तेलाचा हात फिरव. ठेवताना दोन्ही तोंडं आवळून ठेवू नकोस, मध्ये जराशी फट असू दे. आणि वापरण्याआधी झिरो बघून घे, मागे एकदा खाली पडला होता.

तुझे,
बाबा