‘पूर्ण कुजलेले’ छापलेल्या गोणीत कच्चे कंपोस्ट

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: अर्धवट कुजलेले खत परत घेऊन रक्कम परत मिळणेबाबत

महोदय,

मृगबागेच्या (मृगाच्या पावसाच्या सुमारास लावलेल्या) केळीसाठी तुमच्या फैजपूरच्या विक्रेत्याकडून ५० किलोच्या ४० गोण्या कंपोस्ट घेतले. पावती आणि लॉट नंबरचा फोटो सोबत जोडला आहे. गोणीवर ‘पऱ्हाटी, केळीचे अवशेष व शेणापासून, पूर्ण कुजलेले’ असे ठळक छापले आहे (पऱ्हाटी म्हणजे कापसाची वाळकी झाडे).

गोणी फोडताच कच्च्या शेणाचा आंबूस वास येतो. आत हात घातला तर ऊब लागते. बोटभर लांब पऱ्हाटीच्या काड्या निघतात. मोडल्या तर आतून पांढऱ्या, निव्वळ लाकूड. केळीच्या खांबाचे धागे ओढूनही तुटत नाहीत. मुरलेले खत काळपट, भुसभुशीत असते, त्याला मातीचा वास येतो. आमच्याकडे हे शाळकरी पोरालाही कळते.

विक्रेता म्हणतो, ऊब आहे म्हणजे जिवाणू जिवंत आहेत. असतीलही! पण त्यांचे काम तुमच्या ढिगात संपायला हवे होते, माझ्या केळीच्या मुळाशी नाही. पऱ्हाटीत कर्ब (कार्बन) जास्त, नत्र (नायट्रोजन) कमी. ती जमिनीत कुजायला लागली की जिवाणू जमिनीतलाच नत्र ओढून घेतात. तुमचे खत टाकलेल्या ओळींची पाने पिवळी पडलीत, घरच्या शेणखताच्या ओळी हिरव्यागार आहेत. वर गाजरगवत उगवले ते वेगळेच. ढीग ५५ ते ६० अंशांपर्यंत तापला असता आणि पलटी देऊन बाहेरचा थर आत गेला असता, तर गाजरगवताचे बियाणे तिथेच मेले असते.

खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये शहरी कंपोस्टला कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या आत आणि ओलावा १५ ते २५ टक्के सांगितला आहे. शहराच्या कचऱ्याला हा नियम, तर शेतातल्या काडीकचऱ्याच्या खताने निदान तेवढे तरी पाळावे. तुमचे खत मुठीत दाबले की पाणी ठिबकते. खताच्या भावाने पाणी विकत घेतले म्हणायचे.

उरलेल्या गोण्या स्वखर्चाने उचलून न्याव्यात, चाळीसही गोण्यांची रक्कम परत करावी आणि या लॉटचा प्रयोगशाळा अहवाल पाठवावा. विक्रेत्याकडून ‘पुढच्या खरेदीत सूट’ असा निरोप आला होता, तो मान्य नाही. एक गोणी न फोडता ठेवली आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर तिचा नमुना काढण्यासाठी तालुका कृषी कार्यालयात अर्ज देईन आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन.

आपला,
एक केळी उत्पादक शेतकरी
ता. यावल, जि. जळगाव