विमानतळाच्या फीची सुनावणी खान्देशापर्यंत का पोचत नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रेल्वेच्या पासात पाच रुपये वाढले की आपल्या भुसावळ-जळगावच्या प्रवासी संघटना निवेदन घेऊन डीआरएम ऑफिसला हजर असतात, महावितरणच्या दरवाढीची नोटीस मराठी पेपरात छापून येते, मग उद्योजक, शेतकरी जाऊन हरकती मांडतात. पण विमानाच्या तिकिटात मूळ भाड्याखाली जे युडीएफ, एएसएफ असं बारीक अक्षरात लिहून पैसे लावतात ते कोणी ठरवले हे कोणालाच माहीत नसतं. आता कोणी म्हणेल विमानात बसणाऱ्याला काय फरक पडतो भो, तर तसं राहिलेलं नाही, पुण्या-बंगलोरला नोकरी करणारी पोरं आणि त्यांना भेटायला जाणारे आईबाप आता आपल्याकडे घरोघरी आहेत.

एएसएफ म्हणजे सुरक्षेची फी, ती सरकार ठरवतं, एप्रिल 2021 पासून देशांतर्गत प्रवासाला 200 रुपये. युडीएफ म्हणजे विमानतळ वापरायची फी, ही मोठ्या विमानतळांवर 'एरा' नावाचं नियामक प्राधिकरण ठरवतं, 2008 च्या कायद्याने आलेलं, दर पाच वर्षांसाठी. हिशोब साधारण वीजदरासारखाच. विमानतळ चालवणाऱ्या कंपनीने किती भांडवल घातलं त्यावर ठरलेला परतावा, त्यात घसारा, चालवायचा खर्च, टॅक्स, सगळं मिळवायचं आणि येणाऱ्या प्रवाशांवर, विमानांवर वाटून टाकायचं. मागच्या पाच वर्षात वसुली कमी पडली असेल तर ती तूट पुढच्या हिशोबात धरतात. म्हणजे कोरोनात विमानतळ ओस पडले त्याचा भार आज प्रवास करणाऱ्यावर, तो तेव्हा घरात बसून होता तरी!

आणि मला खटकते ती पुढची गोष्ट. विमानतळावरची दुकानं, हॉटेलं, जाहिराती यातून जी कमाई होते त्यातली फक्त 30 टक्के फी कमी करायला धरतात, बाकीची 70 टक्के चालवणाऱ्याची (दिल्ली-मुंबईत तर त्यातून पुन्हा सरकारी प्राधिकरणाचा वाटा जातो, ते वेगळं). 2016 च्या विमान धोरणात हे ठरलंय. दोनशे रुपयाची कॉफी पण आपणच प्यायची आणि टर्मिनलचा खर्च पण आपणच भरायचा, असा प्रकार आहे.

मुंबईला मे 2025 पासून देशांतर्गत विमानाने जाताना 175 आणि उतरताना 75 रुपये युडीएफ लागला. नवी मुंबईत तर तात्पुरते दर म्हणून सुरुवातीलाच जाणाऱ्याला 620 आणि येणाऱ्याला 270. कंपनी जेवढं मागते तेवढं एरा सगळं देत नाही, कात्री लावते, हे मान्य करायला पाहिजे. पण मग कंपनी टीडीसॅटमध्ये अपिलात जाते (टेलिफोनचे वाद ऐकणारं हे ट्रिब्युनल 2017 पासून विमानतळाचेही वाद ऐकतं), तिथून सुप्रीम कोर्ट, वर्षानुवर्षं चालतं. कंपनीचे वकील, एअरलाइन्सचे वकील, प्रवाशाचं कोण?

आपलं जळगाव विमानतळ एराच्या कक्षेत येतच नाही. आधी वर्षाला 15 लाख प्रवासी असले की 'मोठा विमानतळ' धरायचे, 2019 मध्ये ती अट 35 लाख केली, त्यामुळे आपले दर दिल्लीत मंत्रालय आणि विमानतळ प्राधिकरण यांच्यातच ठरतात. 2021 च्या दुरुस्तीने अनेक विमानतळांचा एक गट करून एकत्र दर ठरवायची सोय झालीये, उद्या जळगाव कोणाच्या गटात टाकलं तर काय, हा प्रश्न आपल्या खासदारांनी आत्ताच विचारायला हवा.

आकाशात विमानाला रस्ता दाखवायचे पण पैसे असतात, विमानाचं वजन आणि अंतर बघून. छोट्या शहरांना विमानाने जोडायच्या सरकारी 'उडान' योजनेतल्या विमानांना हा दर नेहमीच्या 42.5 टक्केच लावतात, शिवाय लँडिंग, पार्किंग माफ. पण योजनेचा आधार एका मार्गाला तीन वर्षांपुरता. डिसेंबर 2017 ला जळगाव-मुंबई विमान वाजतगाजत सुरू झालं, बंद पडलं, 2019 ला दुसऱ्या कंपनीचं आलं तेही गेलं. आता पुन्हा विमानं येतायत तर सवलत संपल्यावर या फीचं काय होणार हे आधीच सांगा ना.

माझी मागणी एवढीच की एराचा दरवाढीचा कन्सल्टेशन पेपर (म्हणजे हरकती मागवायचा मसुदा), जो शेकडो पानांचा इंग्रजीत वेबसाइटवर पडतो आणि हरकतींना मुदत साधारण महिनाभराची, त्याचा चार पानी मराठी सारांश काढावा आणि नोटीस जिल्ह्याच्या पेपरात द्यावी, कारण मुंबईच्या विमानतळाची फी फक्त मुंबईकर भरत नाहीत, रात्रीच्या गाडीने जाऊन सकाळचं विमान पकडणारे आपले लोक पण भरतात. तोपर्यंत संपादकसाहेब, मुंबई-पुण्याचा असा पेपर निघाला की शेवटची तारीख आणि ईमेल तुम्हीच चौकटीत छापा, हरकती लिहायचं काम आमची प्रवासी संघटना करेल.

आपला,
एक वाचक, भुसावळ