बस फुकट, पण बाळ कुणाकडे?

संपादक महोदय,

मी १९ वर्षांची, खानापूर तालुक्यातली. मुलगा आठ महिन्यांचा. स्वयंपाकाचं वेड मला माहेरपासूनच, आता सासूबाईंकडून मांडे शिकतेय. पारी हातावर फिरवत मोठी करायची, उलट्या कढईवर टाकायची, पिठीसाखर-खसखस पसरून गरम असतानाच घडी घालायची. जरा उशीर झाला की मोडलीच! आणि आमचं बाळ नेमकं तेव्हाच रडतं. मग सासूबाई म्हणतात, "जा गं, आधी त्याला बघ."

शहरात सरकारी पाककला वर्ग निघतात. २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या 'शक्ती' योजनेमुळे आम्हा बायकांना सरकारी बस फुकट आहे, त्यामुळे जाण्यायेण्याचा प्रश्न नाही. पण दिवसभर बाळ कुणाकडे ठेवू? अंगणवाडीत घेतात तीन वर्षांनंतर. त्याहून लहानांसाठी राज्यात 'कूसिन मने' पाळणाघरं निघाली, तीही मुख्यतः रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी. शिकणाऱ्या आईनं काय करायचं? (नवऱ्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही, ते असो.)

प्रशिक्षण देणाऱ्यांनी वर्गाशेजारी एक खोली आणि एक मदतनीस ठेवावी, किंवा वर्ग पंचायतीतच दुपारी घ्यावेत. अर्जही मराठीतून मिळावा.

– एक वाचक, खानापूर तालुका, जि. बेळगाव